सरका, ओलं आहे

कारंजा,
२० सप्टेंबर २०२४

श्री. बादल यांस,
जय जिनेंद्र.

त्या सकाळी मी पाणी गाळत होते. गॅसवर दूध होतं, सुपात उडदाची डाळ अर्धी निवडून ठेवलेली. विहिरीच्या दोन कळशा मी दुहेरी फडक्यातून पितळी हंड्यात ओतत होते. ते फडकं आम्ही पिळत नाही. हलक्या हाताने उलटं करून, त्यात जे बारीक जीव राहिले असतील ते गाळलेल्याच पाण्याने धुवायचे आणि परत विहिरीत सोडायचे, अशी आमची रीत. फरशी ओली झाली होती. मागे चाहूल लागली म्हणून वळले, तर हे दारात उभे. हात छातीशी, हातात मोबाइल. मी म्हणाले, "सरका, ओलं आहे. पडाल." ते सरकले नाहीत. मोबाइल खिशात घातला आणि त्या ओल्यातूनच दुकानाकडे गेले.

तेव्हा मनात काही आलं नाही. पुढे मात्र ती सकाळ मी पुष्कळदा आठवली, आणि दर वेळी तिचा वाईटच अर्थ लावला.

तुम्ही मला ओळखत नाही. मी कंचनबाई, कारंज्याचे कापड दुकानदार शांतीलाल यांची पत्नी. हे फेब्रुवारीत गेले.

आमच्यात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणी असते. वर्षभरात जाणता-अजाणता ज्याला दुखावलं असेल त्याची क्षमा मागायची. आता सगळे मोबाइलवर एकच चित्र शंभर जणांना पाठवतात. हे शेवटपर्यंत पोस्टकार्डं लिहायचे, प्रत्येकाला वेगळं. त्यांच्या वहीत नावांची यादी आहे. या वर्षी ती कार्डं लिहायला मी बसले. बेचाळीस नावं ओळखीची निघाली. त्रेचाळिसावं असं: बादल, हॉटेल पूर्वा, परमिट रूम, किन्हीराजाच्या पुढे, मालेगाव रोड.

हे दर गुरुवारी शाळेच्या गणवेशाचं कापड घेऊन आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला जायचे. मुक्काम नणंदेकडे, शुक्रवारी परत. आमच्या गल्लीतले माणिकराव एसटीत कंडक्टर होते. त्यांनी दोन वर्षांपूर्वी मला सांगितलं, "वहिनी, शांतीभाऊ परमिट रूमच्या दारात दिसले हो. मी गाडीच्या खिडकीतून पाहिलं. दुसऱ्यांदा." म्हणजे हॉटेल मला ऐकून माहीत होतं. तुमचं नाव माहीत नव्हतं.

बादल हे नाव बाईचं की बुवाचं, तेही मला कळेना. बाई असलात तरी आता माझा राग उरलेला नाही. माझा प्रश्न एकच आहे. हे तुमच्याकडे येऊन काय प्यायचे?

फोन करता आला असता. पण आमचं घर दुकानाच्या मागे आहे आणि मला मोठ्याने बोलायची सवय. बारमध्ये केलेला फोन गल्लीभर ऐकू गेला असता. यांच्या मोबाइलमध्ये काही सापडलं असतं, तर तो सन्मतीने, माझ्या मुलाने, उन्हाळ्यातच सगळा साफ करून दुकानातल्या माणसाला वापरायला दिला.

माझं शिक्षण चौथी. पुढचं वाचन मी मंदिरातल्या कपाटावर आणि दुकानात येणाऱ्या रद्दीवर केलं आहे. त्यामुळे सरळ लिहिलेलं मला सरळ कळतं. विधवेचं मन राखायला म्हणून काही लिहू नका. जे असेल ते लिहा.

यांच्या वतीने आणि माझ्या वतीने, उत्तम क्षमा.

कंचनबाई


हॉटेल पूर्वा, मालेगाव रोड
२ ऑक्टोबर

काकू,
नमस्कार. मले शुद्ध लिवता येत नाही. बोलतो तसं लिवतो, समजून घ्या.

आज दोन ऑक्टोबर, ड्राय डे. बारले कुलूप हाये म्हणून हात मोकळा सापडला. तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. काका गेले हे त्या पत्रातूनच समजलं. आमी म्हणत होतो, गुडघे दुखत असतीन, थंडी गेली का येतीन. मंग उन्हाळा बी गेला. लखीराम, आमचा वेटर, परवापर्यंत कोपऱ्यातल्या खुर्चीवर कोणाले बसू देत नव्हता. मी पत्र वाचून दाखवलं त म्हणे, "आता बसू दे." अन् भांडे घासाले निघून गेला.

पयले तुमची शंका फेडतो. मी बाई नाही, बुवा हाये. किन्हीराजाजवळच्या तांड्यावरचा. ज्या साली झालो त्या साली पाऊस नव्हता म्हणून आजीनं नाव ठेवलं. पुण्यात एका बारमंदी चार वर्सं होतो. आधी स्पीकरचे डब्बे उचलले, मंग मशीन वाजवाले शिकलो. इथं शेठनं हॉल बांधला तवा मले बोलावून घेतलं. मी सिनेमाचे गाणे कमी वाजवतो. यंत्रावर बनवलेले जास्त. खाली ठोका चालू राह्यते, घड्याळासारखा. वरून एखाद्या बाईचा आवाज येते, तो बी तुकड्या-तुकड्यानं. बसणाऱ्याचा पाय हलला पायजे अन् त्याले बाजूवाल्याशी गोठ बी करता आली पायजे, इतकाच आवाज ठेवा लागते. कोणाले चढली त उठून नाचते. ते त्याचं नशीब.

आता तुमचा सवाल. काकांनी इथं काहीच पेलं नाही. दारू नाही, सोडा नाही, लिंबूपाणी नाही. साधं पाणी बी नाही.

सुरवातीले एका गुरवारी लखीराम घाबरला होता. मले म्हणे, "अबे बादल, हा बुढा दारूबंदीवाला दिसते. पेत नाही, खात नाही, नुसता बसून राह्यला." शेठ स्वता जाऊन हात जोडून उभे. काका म्हणे, "मी कापडवाला आहे. बसू द्या." लखीरामनं सीलबंद पाण्याची बाटली ठेवली त म्हणे, "दिवस मावळला. आता उद्या." अन् बाटली पिशवीत घातली. मंग दर गुरवारी हेच. त्यायचं नावच पडलं, कोरडे काका. आमी तोंडावर म्हणो. हासत.

दिवस असे तोवर बाहेर ओट्यावर बसून तुमचा डब्बा खात, आपल्या तांब्यातलं पाणी पेत. सूर्य डोंगराआड गेला का मंग आत. साडेसातच्या पुढं उठून काळी-पिवळी जीपनं मालेगावले जात. गाणं आयकाले येत, बस. खोटं लिवत असन त माझ्या हातचं मशीन जळो.

बादल मदनसिंग चव्हाण


कारंजा,
१४ ऑक्टोबर

चि. बादल,
शुभाशीर्वाद.

मला बरं वाटावं म्हणून लिहिलं आहेस, असं आधी वाटलं. पत्र डाळीच्या डब्याखाली ठेवून दिलं. दोन दिवसांनी मोगऱ्याला पाणी घालताना हात थांबला.

दर शुक्रवारी यांच्या पिशवीतून पाण्याची एक बाटली निघायची. सील न तोडलेली. तोंडाचा वास जावा म्हणून घेत असतील आणि प्यायची राहून जात असेल, असं मी समजत होते. न गाळलेलं पाणी घरात नको, म्हणून मी ती मोगऱ्याला ओतायची. हे समोर उभे राहून बघायचे. दोन वर्षांत एकदाही "का ओततेस" म्हणाले नाहीत. त्या बाटलीवर विश्वास ठेवते आहे, म्हणून तुझ्यावरही ठेवते.

आता मी काय केलं ते तुला सांगते. इथे कोणाला सांगण्यासारखं नाही.

माणिकरावांनी सांगितलं त्या संध्याकाळी मी यांना विचारलं, "तुम्ही बारमध्ये जाता?"

"जातो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"लाज वाटत नाही?"

"वाटते."

एवढंच. दारू पिता का, हे मी विचारलंच नाही. लाज वाटते म्हणाले, त्या अर्थी पितात, असं धरून चालले. दुसऱ्या दिवसापासून यांचं ताट, वाटी, पेला वेगळा केला. हे जेवून उठले की स्वतः घासायचे आणि माळ्याखालच्या फळीवर पालथं घालायचे. माझी सून रुचिका एकदा म्हणाली, "आई, बाबांचा पेला आतल्या पेल्यांत ठेवू का?" मी म्हणाले, "तुझ्या माहेरी ठेव." क्षमावाणीला हे आणि मी हात जोडून एकमेकांना उत्तम क्षमा म्हणायचो. मग मी त्याच हातांनी यांना त्या वेगळ्या ताटात वाढायची. बोलणं कामापुरतं उरलं. किल्ली कुठे आहे, दूधवाला आला का. नंतर तेही रुचिकाच्या तोंडून.

फेब्रुवारीत दुकानात बसल्या जागी छातीत कळ आली. गावातल्याच दवाखान्यात नेलं. दिवस नुकताच मावळला होता. तिथली मुलगी गोळी आणि पाणी घेऊन आली. यांनी गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी नको म्हणून मान हलवली. खिडकीकडे बोट केलं. बाहेर अंधार पडला होता ना. मी म्हणाले, "तिथं दिवस मावळत नाही वाटतं? बारमध्ये सगळं चालतं आणि इथं पाण्याचा नेम?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलणार होते. मी तोंड फिरवलं.

पहाटेच्या आत गेले. ते माझं यांच्याशी शेवटचं बोलणं.

तुझं पत्र आल्यापासून ते वाक्य मला अन्नाच्या प्रत्येक घासाला आठवतं. पाप काय असतं ते मी पुस्तकात पुष्कळ वाचलं आहे. ते आपल्या आवाजात ऐकू येतं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

पण एक मला अजून कळत नाही, आणि त्याचा रागही येतो. आमच्या घरी रेडिओ आहे, टीव्ही आहे. मंदिरात पूजा असली की हे स्वतः पेटी धरायचे. मग गाणं ऐकायला माणूस एसटीने इतक्या लांब, दारूच्या हॉलमध्ये कशाला जातो? आणि गाणंच ऐकत होते तर लाज कशाची वाटत होती? असं कोणतं गाणं होतं?

तुला माहीत असेल तर लिही.

कंचनबाई


हॉटेल पूर्वा
४ नोव्हेंबर

काकू,
नमस्कार. उशीर झाला. दिवाळीत गर्दी होती, हे खरं हाये. पण लिवाची हिंमत होत नव्हती, हे जास्त खरं हाये. काकांनी मले सांगतलं होतं, घरी कळू देऊ नको. आता ते नाहीत अन् तुमी इचारून राह्यल्या. मी लखीरामले इचारलं. तो म्हणे, "मेलेल्या माणसाले देल्ला शब्द मोठा का जिती बाई मोठी?" म्हणून लिवतो.

पयल्या दिवशी काकांची एसटी आमच्या दारासमोर बंद पडली होती. बाकीचे रोडवर उभे राह्यले. काका पाठ धरून आत आले, बसू का म्हणे. मी एक इंग्रजी गाणं वाजवून राह्यलो होतो. काळ्या लोकायची एक चाल असते, तिले सोल म्हणतात. त्या गाण्यातली बाई रडल्यासारखी गाते अन् खालचा ठोका थांबत नाही.

काका उठून माझ्याजवळ आले. म्हणे, "ही बाई कशाला रडते?"

मी म्हटलं, "काका, मले इंग्रजी कुठं येते?"

"मग वाजवतोस कसा?"

"ठोका समजते."

"अशा गाण्याला म्हणतात काय?"

"सोल. म्हणजे आत्मा."

तवा हासले. म्हणे, "आम्ही साठ वर्षं मंदिरात आत्मा शोधतो आणि तो तुझ्या बारमध्ये बसलाय." मंग बराच वेळ आयकत राह्यले. जाताना मले म्हणे, "आमच्या घरी एक अशीच आहे. तिची आई गेली त्या दिवशीही तिनं पाणी गाळलं. डोळ्यांतून धार, आणि हात चालूच."

तवापासून दर गुरवारी येत. एक दिवस इचारलं, "हे कशाचं बनवतोस?" मी दाखवलं. गिलासावर चमचा मारला, लखीरामचा झाडू मोबाइलमंदी घेतला, बाटलीचं झाकण उघडलं, अन् त्याचाच ठोका बनवून वाजवला. ल्हान लेकरावाणी पाहत होते. म्हणे, "पाण्याचं होतं?" मी म्हटलं, "पाण्याचं बी होते."

पुढच्या गुरवारी मोबाइल घेऊन आले. त्यात तुमी होत्या, काकू. तुमची सकाळ. कळशी, हंडा, फडक्यातून पडणारी धार, सुपातली डाळ, अन् तुमच्या बांगड्या.

तुमी पाणी गाळता गाळता मंतर म्हणत होत्या. काका म्हणे, तो बारमंदी वाजाले नाही पायजे, एक अक्षर नाही. आमी दोघं दोन गुरवार बसलो. एक एक शब्द काढला. मंतर काढला अन् दोन शब्दांच्या मधला तुमचा श्वास तेवढा राह्यला. मी धारेचा ठोका केला. बांगड्या वरून लावल्या. अन् श्वास मधून मधून. काकू, मी पुण्यात लय गाणे वाजवले. असं माझ्या हातून दुसरं झालं नाही.

दर गुरवारी साडेसातले ते लावत होतो. लोक "पाण्यावालं लाव" म्हणत. पाय हलत. कोणी उठून नाचे. काका कोपऱ्यात डोळे मिटून बसत.

लाज कायची वाटे, ते बी सांगतो. तुमी ताट वेगळं केलं ते त्यायनं मले सांगतलं होतं. मी म्हटलं, "काका, घरी सांगून टाका ना का मी पेत नाही." म्हणे, "मी दारू प्यायलो असतो तर माझं तोंड बाटलं असतं. मी तिचं गाळलेलं पाणी बारमध्ये आणलं. तिला कारण ठाऊक नाही, पण शिक्षा बरोबर आहे." मले जे कार्ड पाठवत, त्यात बी हेच. तुझ्याकडून हे करवून घेतलं, उत्तम क्षमा.

सोबत ल्हानी चिप पाठवून राह्यलो. सन्मतीभाऊच्या नाही त सूनबाईच्या मोबाइलमंदी घाला अन् आयका. शेवटी काय हाये ते मी लिवत नाही. ते तुमीच आयका.

हे तुमचं हाये. तुमी पुसून टाक म्हणसान त पुसून टाकीन. हे कबूल.

बादल


(पोस्टकार्ड)
कारंजा, ११ नोव्हेंबर

बादल,

पाणी गाळणं हे आमच्यात घरकाम नाही. जीव मरू नये म्हणून करायचा तो धर्म आहे. चाळीस वर्षांत तापातही चुकवलेला नाही. त्याच्यावर माणसं दारू पिऊन नाचली, माझ्या श्वासावर आणि माझ्या बांगड्यांवर. यांनी ते आणून दिलं आणि तू वाजवलंस.

ते पुसून टाक. कुठेही ठेवू नकोस. दोन वर्षं मी यांना नको त्या गोष्टीसाठी दोष दिला, आणि द्यायचा तो द्यायला आता हे नाहीत. चिप मी ऐकली नाही. सकाळी घंटागाडी आली, तिच्यात टाकली. पुसलं की कळव.

कंचनबाई


हॉटेल पूर्वा
१९ नोव्हेंबर

काकू,

मतदानामुळं बार तीन दिवस बंद हाये. हॉलमंदी मी अन् लखीराम, दोघंच.

कार्ड आलं त्याच दुपारी पुसलं. कार्डावर "पुसून टाक" हेच आधी दिसलं अन् मी पुढचं वाचलंच नाही. मले वाटलं, तुमी आयकलं, अन् आयकून बी नको म्हटलं. मंग त्यावर आमी कोण बोलणार? लॅपटॉपमधून काढलं, पेनड्राइव्हमधून काढलं, माझ्या मोबाइलमंदी एक तुकडा होता तो बी काढला. काकांच्या मोबाइलमंदलं त तुमी म्हणता ते उन्हाळ्यातच गेलं. लखीराम समोर उभा होता. म्हणे, "एकडाव लाव ना, शेवटचं." मी म्हटलं, "नाही. काकूनं नको म्हटलं."

पुसून झाल्यावर कार्ड दुसऱ्यांदा वाचलं. तवा खालची ओळ पाहली. तुमी आयकलंच नव्हतं.

काकू, मांगच्या पत्रात शेवटी काय हाये ते लिवलं नव्हतं. मले वाटलं, ते कागदावर सांगाची गोष्ट नोये. ते लिवलं असतं त तुमी चिप ठेवली असती का? मले माहीत नाही. पण आता लिवणं भाग हाये.

त्या मोबाइलमंदी अखेरीले तुमचं बोलणं होतं. मी गाण्याच्या शेवटी तेच ठेवलं. धार थांबे, बांगड्या थांबत, ठोका बी बंद होये. सारा हॉल चूप. अन् नुसता तुमचा आवाज, "सरका, ओलं आहे. पडाल."

बस. तिथं गाणं संपे. काका ते आयकत अन् उठत. दर गुरवारी. त्याच्या पुढं एक मिनिट बसले नाहीत.

मी एकडाव इचारलं, "काका, एवढ्या चार शब्दासाठी कारंज्याहून येता?" ते पिशवी उचलत होते. म्हणे, "घरी ती आता माझ्याशी बोलत नाही. इथं बोलते."

मी चुकलो. मी आधी लिवाले पायजे होतं, नाही त पुसाच्या आधी इचाराले पायजे होतं. आमच्यात क्षमावाणी नसते. काकांची कार्डं पाहून जेवढं समजलं तेवढ्यावर हात जोडतो.

एक राह्यलं. लखीराम फरशी पुसताना कोणी आत आलं का म्हणते, "सरका, ओलं आहे. पडाल." एरवी सगळं "हाये" म्हणणारा माणूस, तेवढं "आहे" म्हणते, तुमच्यासारखं. गिऱ्हाईक हासतात. त्याले बी माहीत नाही तो कवापासून म्हणून राह्यला.

बादल


कारंजा,
२८ नोव्हेंबर

चि. बादल,
शुभाशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी दुपारी आलं. रुचिका दारात होती, तिनेच आणून दिलं. मी वाचत असताना ती दुकानात परत गेली नाही. वाचून झाल्यावर मी पत्र तिच्या हातात दिलं. मग आधीचीही दिली. ती सगळी वाचून होईपर्यंत मी डाळ निवडत बसले. ती म्हणाली, "आई, तुम्ही मला चिप दाखवली असती तर." मी म्हणाले, "हो." ती म्हणाली, "मी लावून दिली असती." मी म्हणाले, "हो." मग ती रडली. मी निवडलेली डाळ पुन्हा निवडली.

घंटागाडीचा कचरा कुठे टाकतात ते सन्मतीने नगरपरिषदेत विचारलं. गावाबाहेर मोठा ढीग आहे. ती चिप नखाएवढी होती. मी त्याला जाऊ नको म्हणाले.

तुझी चूक नाही. मी पुसायला सांगितलं, तू पुसलंस. यांनाही मी ताट वेगळं दिलं आणि त्यांनी ते घेतलं. दोन्ही वेळा मी विचारलं नाही आणि ऐकलं नाही. दोन्ही वेळा समोरच्याने माझं म्हणणं मानलं. माणसं माझं इतकं मानतात, हे मला आधी कळायला हवं होतं. म्हणजे मी जपून बोलले असते.

पाणी बारमध्ये गेल्याचा राग अजून आहे. तो तुझ्यापासून लपवत नाही. हे असते तर मी भांडले असते, चांगलं दोन-तीन दिवस. आणि मग बोलले असते. भांडण झालं असतं तरी चाललं असतं. यांनी मला भांडायची संधी दिली नाही, याचाही राग आहे.

त्या बांगड्या आता माझ्या हातात नाहीत. त्यांचा आवाज कसा होता ते आठवायचा प्रयत्न केला. आठवत नाही. आपल्या बांगड्या आपल्याला कुठे ऐकू येतात? त्या यांना ऐकू येत होत्या आणि तुझ्या बारमधल्या माणसांना. लखीरामला त्या आठवत असतील तर एकदा विचार आणि लिही. उगाच गोड करून सांगू नको म्हणावं.

त्याला हेही सांग, फरशी पुसताना तो जे म्हणतो ते म्हणू दे. ते पुसायला मी सांगणार नाही. आणि ती कोपऱ्यातली खुर्ची लोकांना बसायला दे. खुर्ची अडवून ठेवणं यांना आवडलं नसतं.

क्षमावाणीला अजून पुष्कळ महिने आहेत. मला तोवर थांबवत नाही. बादल, तुला उत्तम क्षमा. यांना म्हणायची राहिली तीही तुझ्यापाशी म्हणते, कारण शेवटचं मनापासून बोललेलं माझं वाक्य यांनी तुझ्याकडेच ठेवलं होतं.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी गाळलं. फळीवरचा यांचा पेला काढून घासला. तो भरला, आणि त्यातून पाणी प्यायले.

कंचनबाई